सामान्य मानसशास्त्रातल्या बोधनिक प्रक्रिया लक्षात कशा ठेवायच्या? जर्नल सीनियरचं उतरवलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए.ला मानसशास्त्र घेतलंय, अवधान, संवेदन, अध्ययन, स्मृती ही प्रकरणं दोन-तीनदा वाचूनही व्याख्या आणि नावं राहत नाहीत. नोट्स कुणाच्या घ्याव्यात, आणि प्रात्यक्षिकाचं जर्नल सीनियरचं बघून भरलं तर बिघडतं का?

नोट्स कुणाच्याही घ्या. जर्नल उतरवू नका. नैतिकतेचा भाग सोडा, उतरवलेलं जर्नल तपासणाऱ्याला पहिल्या पानावर कळतं. आणि तुमच्या डोक्यात काही राहत नाही त्याचं मूळही बरंचसं तिथंच आहे.

स्मृतीतला क्रमिक स्थानाचा प्रयोग घ्या. पंधरा शब्द ऐकवायचे आणि हव्या त्या क्रमाने आठवून लिहायला सांगायचे. सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात, मधले बुडतात. उतरवलेल्या जर्नलमध्ये एक प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करतात तो), एक यादी आणि खाली गुळगुळीत यू आकाराचा आलेख असतो. हे होऊच शकत नाही. एका यादीत सातव्या स्थानावर एकच शब्द असतो. तो आठवला तर १, नाही आठवला तर ०. अशा शून्य-एकांचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसणार. गोलाई येते ती अनेक याद्यांची आणि अनेक माणसांची बेरीज केल्यावर. एवढंही न कळता ज्याने तो आलेख काढला, त्याने प्रयोग केलेला नाही हे सांगायला परीक्षक लागत नाही.

खरा प्रयोग दोन मित्र आणि एक मोबाइल एवढ्यावर होतो. पंधरा-पंधरा शब्दांच्या दहा याद्या करा. एकूण दीडशे शब्द, एकही पुन्हा नको. रोजची, दोन-तीन अक्षरी नामं घ्या: दार, कापूस, चमचा, पाऊस. एका यादीत आंबा, फणस, पेरू असे सख्खे शेजारी आले की प्रयुक्त ते गठ्ठ्याने आठवतो आणि मधला भाग उगाच वर उचलला जातो. यमक जुळणारे शब्द त्याच कारणाने वगळा. मेट्रोनोमचं अॅप मिनिटाला ३० ठोक्यांवर लावा, म्हणजे दोन सेकंदाला एक शब्द. आवाज सपाट ठेवा. बहुतेकांचा आवाज यादीच्या शेवटच्या शब्दाला आपोआप उतरतो आणि 'आता संपलं' हे प्रयुक्ताला आधीच कळतं.

पाच याद्यांनंतर लगेच लिहायला सांगा, वेळ दीड मिनिट. उरलेल्या पाच याद्यांत शेवटचा शब्द संपताक्षणी एक तीन अंकी आकडा द्या आणि तीस सेकंद तीन-तीनने उलटं मोजायला लावा, मोठ्याने. मग लिहायला सांगा. दोन्ही प्रकार आलटून पालटून ठेवा. आधी सगळ्या 'लगेच'च्या आणि मग सगळ्या 'उशिरा'च्या याद्या घेतल्या, तर फरक मोजणीमुळे पडला की दमल्यामुळे, हे सांगता येणार नाही. नुसतं तीस सेकंद गप्प बसवू नका, कारण गप्प बसलेला माणूस मनात शब्द घोळवत असतो. शेवटचा शब्द आणि आकडा यांच्यात दोन-तीन सेकंद गेले तरी तेच होतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठीत उलटं मोजायला लावलं तर तो एकोणसत्तर की एकोणऐंशी यातच अडकतो आणि प्रत्येकाला पडणारा ताण वेगवेगळा होतो. ज्या भाषेत तो हिशेब करतो त्याच भाषेत मोजू द्या.

सर्वात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे सूचना. 'ऐकले त्याच क्रमाने लिहा' असं म्हटलंत की शेवटच्या शब्दांचा फायदा, म्हणजे रिसेन्सी, बरीच घटते, कारण पहिले शब्द लिहीपर्यंत शेवटचे निसटतात. 'कसेही लिहा' एवढंच म्हणा.

मोजताना प्रत्येक स्थानाला पाचपैकी किती, हे लिहा. एकट्या प्रयुक्ताचे आकडे तरीही खाली-वर होतात, म्हणून पहिले तीन, मधले नऊ आणि शेवटचे तीन असे गट करून टक्के काढा. वर्गातल्या वीस जणांचे आकडे एकत्र केले की प्रत्येक स्थानाला शंभर नोंदी मिळतात आणि तेव्हा कुठे तो यू दिसायला लागतो. यादीत नसलेले किंवा आधीच्या यादीतले शब्द कुणी लिहिले तर खोडू नका, वेगळ्या रकान्यात घाला. आधीचं शिकलेलं नंतरच्यात कसं लुडबुडतं, हा पुस्तकातला परिच्छेद तुमच्याच कागदावर उतरलेला असतो.

आता निकालाकडे बघा. मोजणी केलेल्या याद्यांत शेवटच्या शब्दांचा फायदा पुसला जातो, सुरुवातीच्यांचा टिकतो. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी १९६६ साली हेच दाखवलं. शब्दांमधलं अंतर वाढवलं की उलट घडतं, सुरुवातीचे आणि मधले शब्द सुधारतात, शेवटचे होते तिथेच राहतात. दोन टोकं दोन वेगळ्या कारणांनी हलतात, हे एकदा स्वतःच्या आकड्यांत दिसलं की अॅटकिन्सन आणि शिफ्रिन यांचं १९६८चं प्रतिमान, म्हणजे अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे स्मृतीचे वेगळे साठे मानणारा आराखडा, पाठ करायला लागत नाही. उजळणी म्हणजे काय, अल्पकालीन साठा का गळतो, पीटरसन दांपत्याने १९५९मध्ये प्रयुक्तांना उलटं का मोजायला लावलं, हे सगळं त्या एका दुपारीच कळतं.

म्हणूनच 'आधी थिअरी पक्की होऊ दे, प्रयोग तिसऱ्या वर्षाला बघू' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्टाफरूममध्ये या मुद्द्यावर मी कित्येकदा भांडलो आहे. ज्याला थिअरी म्हणता ती प्रयोगातूनच आली. मानसशास्त्राची पहिली समजली जाणारी वुंटची प्रयोगशाळा १८७९ची, लाइपझिगची. आपल्याकडचा पहिला विभाग १९१६मध्ये कोलकाता विद्यापीठात निघाला, तोही प्रायोगिक मानसशास्त्राचा. आणि पोरांना मात्र पहिल्या वर्षी 'अवधानाची वैशिष्ट्ये सहा' असं लिहून द्यायचं! मग ती पोरं तुमच्यासारखं विचारतात, लक्षात का राहत नाही.

प्रयोग न केल्याची खूण उत्तरपत्रिकेतही दिसते. विसरण्यावर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसवर हमखास लिहिलेलं असतं: 'माणूस एका दिवसात ६६ टक्के विसरतो.' त्याने १८८५मध्ये मांडलेला एका दिवसाचा आकडा सुमारे ३४ टक्के आहे, पण तो किती आठवलं याचा आकडाच नव्हे. निरर्थक अवयवांची, म्हणजे काहीच अर्थ नसलेल्या अक्षरांच्या तुकड्यांची, तीच यादी पुन्हा पाठ करताना जो वेळ वाचला, ते म्हणजे ३४ टक्के. पहिल्यांदा बारा वाचनं लागली आणि दुसऱ्या दिवशी नऊ, तर बचत बारातली तीन, म्हणजे २५ टक्के. एकाही अवयवाचं प्रत्यावाहन झालं नाही, म्हणजे एकही आपणहून आठवला नाही, तरी बचत निघू शकते. शिवाय प्रयुक्त एकच होता, तो स्वतः. हा प्रयोग मराठीत करताना निरर्थक अवयव खरंच निरर्थक आहेत का ते चार जणांना विचारून घ्या. 'झूब', 'ठेफ' चालतात. 'भीख' हिंदीत सापडतो आणि 'फेण' ऐकून गोव्याच्या मुलाला भलतंच काहीतरी आठवतं.

स्ट्रूपच्या प्रयोगासाठी (रंगाचं नाव वेगळ्याच रंगात छापायचं आणि प्रयुक्ताने शाईचा रंग सांगायचा) शब्द ज्या लिपीत प्रयुक्त सर्वात सराईतपणे वाचतो त्याच लिपीत छापा, नाहीतर अडथळा कमी दिसेल. अक्षरं जाड हवीत. पांढऱ्या कागदावर पिवळा रंग टाळा, तो दिसायलाच वेळ लागतो. आणि रंगांधळेपणा आधी विचारा.

आता नोट्सचं. कुठल्याही नोट्स पुन्हा पुन्हा वाचू नका, एकदा वाचा, मिटा आणि आठवेल ते लिहा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे आठवून लिहिणाऱ्यांच्या पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं, ४२ विरुद्ध ५६. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचन 'छान झालं' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांमुळे. नावांसाठी एका पानावर तीन रकाने करा: कोण आणि कधी, काय केलं, काय मिळालं. मधला रकाना भरता येत नसेल तर ते नाव तुम्हाला येत नाही.

काही गोष्टी राहिल्या. दोन साठ्यांचं स्पष्टीकरण अंतिम समजू नका. ब्यॉर्क आणि व्हिटन यांनी १९७४मध्ये शब्दांच्या मध्येमध्येही लक्ष विचलित करणारं काम दिलं, तेव्हा रिसेन्सी पुन्हा दिसली. अल्पकालीन स्मृतीत एका वेळी किती गोष्टी मावतात यावर पेपरात मिलरचा १९५६चा 'सात अधिक-उणे दोन' लिहाच, पण आता चारच्या आसपासचा आकडाही मानला जातो, त्यासाठी कोवनचं २००१चं नाव एका ओळीत टाका. तुमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला प्रात्यक्षिकच नसेल तर गुण मिळणार नाहीत, तरी करा. प्रयुक्ताला आधी विचारा, कधीही थांबता येईल असं सांगा आणि जर्नलमध्ये नावाऐवजी आद्याक्षरं लिहा. कमी शब्द आठवले म्हणून कुणाची बुद्धी काढू नका, पाच याद्यांवरून ती कळत नाही.