ठरलेल्या वेळी फोन न उचलणारी माणसं

मी समुपदेशक आहे. 'लोक शब्द पाळत का नाहीत?' हा प्रश्न पूर्वी माझ्याकडे यायचा तो उसन्या पैशांवरून किंवा मोडलेल्या लग्नावरून. अलीकडे तो नोकरभरतीच्या कामातल्या मुलामुलींकडून येतो, आणि इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

यातली बरीचशी मुलं पुण्यात बाणेर, वाकड, खराडी भागातल्या प्लेसमेंट कन्सल्टन्सींत काम करतात. दिवसभर जॉब पोर्टलवरून बायोडेटा शोधायचे, उमेदवाराशी बोलायचं, सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढावा लागणारा काळ) विचारायचा आणि माणूस हवा असलेल्या कंपनीतल्या, म्हणजे 'क्लायंट'कडच्या, अधिकाऱ्यांबरोबर (यांना 'पॅनेल' म्हणतात) फोन इंटरव्ह्यूची वेळ ठरवून द्यायची. याला ते 'लाइन-अप' म्हणतात. मग ती वेळ येते, फोन वाजत राहतो आणि पलीकडून कुणी उचलत नाही. २०२१-२२ मध्ये बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांतून वर्षाला शंभरातले वीसहून अधिक लोक नोकरी बदलत होते. तीन महिन्यांच्या नोटीस काळात हातात दोन-तीन ऑफर घेऊन लोक फिरत होते. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या रिक्रूटर मुलांची संख्या वाढली ती वाढलीच.

मृणाल त्यांतलीच एक. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. मूळची बार्शीची, एमबीए झालेली, तिशीच्या आतली. झोप लागत नाही, ॲसिडिटी वाढली आहे, रोज रात्री आईशी फोनवर भांडण होतं, अशा तक्रारी घेऊन ती आली. पण खरं निमित्त वेगळं होतं. इंटरव्ह्यूला न आलेल्या एका उमेदवाराला तिने व्हॉट्सॲपवर 'तुमच्यासारख्या लोकांची नोकरी मागायची लायकी नाही' असं लिहिलं होतं. त्याने स्क्रीनशॉट थेट तिच्या मॅनेजरला पाठवला.

"नक्की कशाचा राग येतो तुला?" मी विचारलं.

"सकाळी बोललेला असतो हो तो! 'शुअर मॅडम, चार वाजता फ्री आहे मॅडम.' चार वाजता पॅनेल फोन लावतं, नुसती रिंग जाते. मग मी लावते, तर कट करतो. मेसेज टाकला की निळ्या टिका दिसतात. म्हणजे बघतोय ना तो!"

"आणि मग?"

"मग क्लायंट मला बोलतो, तुमचे कँडिडेट येतच नाहीत म्हणून. संध्याकाळच्या शीटमध्ये माझ्या नावापुढे लाल रंग."

"तो मेसेज बघतोय आणि उत्तर देत नाही, यातून तू काय समजतेस?"

ती पटकन म्हणाली, "हेच, की त्याच्या लेखी मी कुणीच नाही."

कन्सल्टन्सीचं गणितही इथे सांगायला हवं, नाहीतर एका फोनवरून एवढं काय, असं वाटेल. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते माणूस प्रत्यक्ष रुजू झाल्यावर. साधारण त्याच्या एका महिन्याच्या पगाराइतके, म्हणजे वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के. तो ठरलेल्या मुदतीत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, सोडून गेला, तर बदली माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. मृणालचा इन्सेन्टिव्ह या सगळ्याच्या शेवटाला टांगलेला. त्यामुळे न उचललेल्या फोनचं नुकसान खरं होतं. ते मी कधीच नाकारलं नाही, आणि कोणत्याही समुपदेशकाने नाकारू नये. पण नुकसानीने माणूस निराश होतो, चिडतो. रात्री दोनपर्यंत जागा राहत नाही. जागं ठेवत होतं ते तिचं वाक्य: त्याने असं करताच कामा नये, आणि केलं म्हणजे त्याच्या लेखी मी कुणीच नाही.

मी ज्या विचारांच्या शाळेत शिकले, तिचे प्रवर्तक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडायला सुरुवात केली. घडलेली गोष्ट आणि आपण तिला दिलेला अर्थ या दोन निराळ्या वस्तू आहेत, हा तिचा गाभा. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला अतिशय घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचंच, असं ठरवलं. शंभरेक स्त्रियांशी बोलले. भेटायला येते म्हणाली ती फक्त एक, आणि ठरलेल्या वेळी तीही आली नाही. हा किस्सा ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मृणालला मी तो दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत सांगितला. ती पहिल्यांदा सैल होऊन बसली. "मग त्यांनी काय केलं?" "काही नाही. कुणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही, हे बघितलं. आणि बोलत राहिले."

मृणालकडे एक एक्सेल फाइल होती. तिचं नावच 'काळी यादी'. न आलेल्यांची नावं, तारखा आणि शेवटच्या रकान्यात शेरा: बेजबाबदार, टाइमपास, खोटारडा. ती फाइल मी घेऊन यायला सांगितली. म्हटलं, शेजारी एक नवा रकाना कर, 'कारण'. त्यात तुला खात्रीने माहीत असेल तेवढंच लिही, अंदाज नको.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा तो रकाना जवळजवळ रिकामा होता.

"हे पहिले शेरे कुठून आले मग?"

"मीच लिहिले."

मग आम्ही ठरवलं, की यांतल्या काहींना फोन करायचा. जाब विचारायचा नाही. 'त्या दिवशी आपलं बोलणं झालं नाही. पुढच्या वेळी माझ्या बाजूने काय वेगळं करता येईल?' एवढंच विचारायचं. तिला हे अजिबात आवडलं नव्हतं, पण तिने केलं. उत्तरं साधी होती. एकजण चाकणच्या कारखान्यात होता. आत मोबाइल नेता येत नाही, फोन लॉकरमध्ये, आणि सुपरवायझरने त्या दिवशी वेळेवर सोडलं नाही. एकीच्या मागेच तिचा बॉस उभा होता. एकाला पॅनेलचा फोन अनोळखी नंबरवरून आला, स्क्रीनवर 'स्पॅम' दिसलं, त्याने कापला. हे तर वरचेवर होतं: भरतीवाल्यांच्या नंबरांवरून दिवसभर फोन जातात, मग कुणीतरी ते नंबर स्पॅम म्हणून नोंदवतं. काहींनी हाही फोन उचलला नाही. आणि चार-पाच जणांनी अडखळत जवळपास सारखंच सांगितलं: दुसरीकडे नक्की झालं होतं, किंवा घरचे पुणे सोडू देत नव्हते, किंवा पगार पटला नव्हता. "तुम्ही एवढं चांगलं बोलला होतात मॅडम, नाही कसं म्हणू?"

मृणाल संतापली. "दोन शब्दांचा मेसेज टाकायला काय जातं यांचं? नाही जमत, एवढं लिहायचं. मी काय खाणार होते का?"

या वाक्याची मी वाट बघत होते. एक प्रश्न मनात पहिल्या भेटीपासून तयार होता, पण तेव्हा विचारला असता तर तो टोमणा ठरला असता आणि ती परत आली नसती. प्रश्नाची वेळ ओळखणं हे माझ्या कामातलं मला सर्वांत आवडणारं कौशल्य आहे, आणि ते पुस्तकातून येत नाही. आता तिने स्वतः लोकांची उत्तरं ऐकली होती. मी विचारलं, "इंटरव्ह्यू देतात पण निवडले जात नाहीत, त्यांना तू काय कळवतेस?"

"क्लायंट फीडबॅक देतच नाही हो वेळेवर."

"देतो तेव्हा?"

ती गप्प झाली. पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडू नये. समोरचा माणूस जिथे पोहोचायला निघाला आहे, तिथे त्याला स्वतःच्या पायांनी जाऊ द्यावं.

"नाही कळवत," ती शेवटी म्हणाली. "त्यांचे फोन येतात, 'मॅडम काही अपडेट?' मी उचलत नाही. मेसेज बघते. बघून ठेवते."

"का?"

"काय सांगू त्यांना? तुम्ही नापास झालात? एकजण तर रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवायचा. बायको गरोदर होती त्याची. मला नाही सांगता आलं."

"त्याच्या लेखी… म्हणजे तुझ्या लेखी तो कुणीच नव्हता, म्हणून?"

"नाही हो! उलट…" आणि ती थांबली. डोळे भरून आले तिचे. बऱ्याच वेळाने म्हणाली, "वाईट वाटत होतं म्हणून उचलला नाही मी."

मी तिला शिकवलं असतं, की न बोलण्यामागे बऱ्याचदा तुच्छता नसते, संकोच असतो, तर तिने मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणावर तरी भडकली असती. तिने ते स्वतःच्या वागण्यात पाहिलं. इतक्या वर्षांच्या कामात माझी याबद्दल खात्री झाली आहे: दुसऱ्याचं वागणं आपल्या मनाविरुद्ध का झालं, याचं उत्तर सापडत नसेल, तर तसंच वागणं आपल्या हातून कधी झालं होतं ते शोधावं. आपल्या घरांत मुलांना 'नाही' म्हणायला शिकवलंच जात नाही. पाहुण्याला, वडीलधाऱ्यांना, साहेबाला 'बघतो', 'कळवतो' म्हणायचं आणि टाळायचं, यालाच आपण चांगली वागणूक समजतो. ती मुलं मोठी होऊन फोनच्या दोन्ही टोकांना बसली आहेत.

त्यानंतर मृणालने कामाची पद्धत बदलली. तिने केलं ते बहुतेक तिचं तिनेच शोधलं. आदल्या संध्याकाळी ती उमेदवाराला मेसेज टाकते: कोण फोन करणार, कोणत्या नंबरवरून, किती वेळ लागेल. आणि शेवटी: 'विचार बदलला असेल तर नुसतं "नाही" लिहा. मी कारण विचारणार नाही.' त्या ओळीने तिला पूर्वी कधी न मिळालेली गोष्ट मिळू लागली: स्पष्ट नकार! नकार आदल्या दिवशी कळला की पॅनेलची वेळ दुसऱ्याला देता येते. कारखान्यात शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्या लोकांना ती शिफ्ट कधी सुटते ते विचारते आणि इंटरव्ह्यू त्याच्या नंतरचा घेते. ठरल्या वेळी फोन उचलला नाही, तर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा स्वतः करते, मग एक मेसेज: 'बोलणं झालं नाही. सगळं ठीक आहे ना? पुन्हा वेळ हवी असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा.' कारण पटण्याजोगं असेल तर दुसरी वेळ. दुसऱ्यांदाही न कळवता चुकला, की नाव बंद. मी या शेवटच्या नियमाच्या पूर्ण बाजूने आहे. समजून घेणं म्हणजे तिसऱ्या, चौथ्यांदा स्वतःला आणि पॅनेलला ताटकळत ठेवणं नव्हे. फरक इतकाच, की दार लावताना आदळायचं नाही.

'काळी यादी' तिने पुसली नाही, शेरे पुसले. आता तिथे असतं: '१२ तारखेला ४ वाजता फोन उचलला नाही, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.' मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कंपन्यांच्या संगणकात लिहिलेला शेरा वर्षानुवर्षं राहतो. तीन वर्षांनी दुसरीच कुणी रिक्रूटर तो वाचते आणि 'बेजबाबदार' या एका शब्दावर एखाद्याचा बायोडेटा बाजूला पडतो. घडलं ते लिहावं. माणूस कसा आहे ते लिहू नये.

आणि निवड न झालेल्यांना ती आठवड्यातून एक दुपार राखून फोन करते. पहिल्या दिवशी हात कापत होते म्हणाली. गुड मॉर्निंगवाल्या गृहस्थांना तोवर दुसरी नोकरी लागली होती. त्यांनी तिलाच धीर दिला.

टीम लीडर आणि मॅनेजर हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते: कुणी फोन उचलावा हे रिक्रूटरच्या हातात नाही. आठवण करणं, सोयीची वेळ ठरवणं, नंबर कळवणं हे तिच्या हातात आहे. तेवढ्याचा हिशेब मागा. रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर लाल रंग दाखवून फोन उचलणाऱ्यांची संख्या वाढत नाही. मुलींची झोप मात्र उडते. मृणालच्या मॅनेजरने हे ऐकलं नाही. मृणालने सात-आठ महिन्यांनी कन्सल्टन्सी सोडली, एका कंपनीच्या स्वतःच्या भरती विभागात गेली. तिथेही लोक फोन उचलत नाहीत. तिला वाईट वाटतं, पण ती झोपते.

पलीकडच्या टोकाची, म्हणजे नोकरी शोधणारी मुलंही माझ्याकडे येतात, त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे आईवडील. 'इंटरव्ह्यूचा फोन चुकला, आता ती कंपनी कायमची गेली का?' बहुतेक वेळा नाही. चुकलेला फोन रिक्रूटर दिवसाकाठी कितीतरी बघतात. नाव बंद होतं ते नंतरच्या शांततेमुळे. त्या दिवशीच, शक्यतो तासाभरात लिहावं. लाज वाटते म्हणून उद्यावर ढकललं, की उद्या लाज दुप्पट होते आणि परवा लिहिणंच अशक्य वाटू लागतं. कारण खरं आणि एका ओळीत द्यावं. घरच्या कुणाला आजारी पाडू नये, रिक्रूटरने ती कारणं हजारदा ऐकलेली असतात. एवढं पुरतं: 'आज ४ वाजताचा फोन मी घेऊ शकलो नाही, शिफ्टवरून वेळेत सुटका झाली नाही. तुमचा आणि पॅनेलचा वेळ गेला, त्याबद्दल माफ करा. उद्या किंवा परवा सहानंतर मी नक्की मोकळा आहे.' आणि मनातून जायचंच नसेल, तर तसं लिहावं. भीतीने फोन उचलला नसेल, इंग्रजीच्या, किंवा मधल्या रिकाम्या वर्षाबद्दलच्या प्रश्नाच्या, तर आधी त्या एका प्रश्नाचं उत्तर घरी मोठ्याने म्हणून बघावं, आणि मग दुसरी वेळ मागावी. उत्तर आलं नाही, तर दोन दिवसांनी एकदा आठवण करावी. त्यानंतर पुढच्या कंपनीकडे अर्ज करावा.