इंजिन नव्यानं बांधलं, पण बुलेटचा टॅपेट काही बसेना. काय करू?

तुमच्या प्रश्नातलं मला जे समजलं ते असं: १९७९ ची बुलेट ३५०, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं, ज्यात व्हॉल्व्ह असतात) काम करून इंजिन पूर्ण बांधलं. थंड असताना दुसऱ्या किकला चालू होते, पण दहा-बारा किलोमीटर चालवून बंद केली की किकला कॉम्प्रेशनच लागत नाही. कॅमचा धक्का वर रॉकरला देणारी आणि त्याच्याकडून व्हॉल्व्ह उघडवणारी जी दांडी (पुशरॉड), तिची लांबी बदलणारा एक्झॉस्टचा अ‍ॅडजस्टर शेवटपर्यंत फिरवून ती जेवढी होईल तेवढी आखूड केली, तरी दांडी मोकळी होत नाही. आता मिस्त्री म्हणतात, नवीन कॅम टाका.

भाऊ, कॅमचे पैसे आधी खिशात ठेवा. याच दुखण्यानं मी बाबांची बुलेट दोन वेळा खोलली आहे, आणि दोन्ही वेळा कॅम निर्दोष निघाला.

आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला. इकडे राजदूत आणि येझदीवर वाढलेले मिस्त्री पुष्कळ. दोन्ही टू-स्ट्रोक, त्यांत व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे टॅपेट, म्हणजे दांडीची फट बसवणं, हा त्यांच्यासाठी सावत्र विषय. हिरो होंडावाले फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) घेऊन येतात आणि गेज कुठं घालायचं ते शोधत बसतात. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) सिलिंडरच्या जुन्या बुलेटला गेज लागत नाही. इंजिन थंड असताना फट शून्य ठेवायची. म्हणजे दांडी दोन बोटांनी गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. शून्य ऐकून लोक दचकतात. दांडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, सिलिंडर बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पण सिलिंडर दांडीपेक्षा कितीतरी जास्त तापतो, म्हणून गरम झाल्यावरही हिशेब जुळून राहतो.

तुमचा हिशेब कुठं चुकला ते पाहू. हेडच्या कामात साधारण दोन गोष्टी होतात. एक, सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना जिथं टेकतो त्या कडेला) कटर मारून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग. कटर जितका खोल जातो तितका व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसतो आणि त्याच्या स्टेमचं (दांड्याचं) टोक रॉकरच्या बाजूला तितकंच वर येतं. रॉकरचं एक टोक वर गेलं की दुसरं दांडीवर दाबलं जातं. दोन, हेडला फेस मारणं, म्हणजे त्याचा खालचा सपाट भाग घासून काढणं. फेस मारला की हेड खाली येतं, रॉकर कॅमच्या जवळ येतो आणि तीच दांडी आता लांब पडते. दोन्ही कामं फट खाण्याचीच. वरून जुन्याच्या जागी पातळ गॅस्केट आलं असेल तर तिसरी भर. ही सगळी बेरीज अ‍ॅडजस्टरच्या आट्यांतून वजा होते, आणि एक दिवस आटे संपतात. थंड असताना कसाबसा टेकणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गरम झाला की त्याचं स्टेम लांबतं आणि तो सीटवरून उचलला जातो. कॉम्प्रेशन तिथंच जातं.

२०१४ च्या उन्हाळ्यात माझं नेमकं हेच झालं. हेड जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्कशॉपला दिलं होतं. त्यांनी न विचारता फेस मारला आणि सीट इतकी कापली की व्हॉल्व्ह विहिरीत बसल्यासारखा दिसत होता. मला तेव्हा ते कळलं नाही. सिलिंडरच्या बेसखाली (बुडाशी) दोन गॅस्केट घालून मी तो वर उचलला आणि स्वतःवर खूश झालो. आठ दिवसांत बेसमधून ऑइल गळायला लागलं, सायलेन्सरमधून फटाके सुरू झाले. पुन्हा खोललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते. टेकलाच नाही तर तो जळणार. मी टॅपेटच्या नावानं बोटं मोडत होतो, तर आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "टॅपेटले काऊन शिव्या देऊन राह्यला? त्यानं तं तुले आधीच सांगतलं होतं."

तर आधी तपासणी. रॉकर ब्लॉक (रॉकर ज्यात बसतात ते) सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद राहतील. आता हळूच किक दाबा. कॉम्प्रेशन कडक लागलं तर सीट आणि रिंग ठीक आहेत, दोष लांबीचाच. नाही लागलं तर हेड उतरवा, पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि व्हॉल्व्हच्या कडेनं झिरपतं का बघा. ब्लॉकचे वरचे-खालचे भाग जोडीनं बनवलेले असतात. सोडतानाच खूण करा, अदलाबदल झाली की रॉकर अडकतो. दोन्ही दांड्याही आपापल्या जागी आहेत ना, ते बघून घ्या.

दोष लांबीचा निघाला तर उपाय व्हॉल्व्ह किती बुडालाय त्यावर. जास्त बुडाला असेल तर नवीन सीट आणि नवीन व्हॉल्व्ह, दुसरं काही नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यात सीटची रिंग वेगळी बसवलेली असते, म्हणून ती बदलता येते. हेड गरम करून रिंग बसवणारा माणूस मात्र शोधावा लागतो. मी नागपूरला गेलो. खर्च झाला, पण पुन्हा खोललं नाही. बसवल्यावर सीटवर पेन्सिलनं आडव्या रेघा मारा, व्हॉल्व्ह दाबून थोडा फिरवा. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या तर सीट बरोबर.

व्हॉल्व्ह ठीक आणि दोष फक्त फेसचा असेल तर दांडी आखूड करता येते. टोकाची लोखंडी टोपी काढायची, लेथवर अ‍ॅल्युमिनियम कापायचं, टोपी पुन्हा दाबून बसवायची. चांगला लेथवाला करून देतो. स्टेमचं टोक घासायचा सल्ला कुणीतरी देईलच. टोकाचा कडक थर पातळ असतो, तो गेला की रॉकर मऊ लोखंडात खड्डा पाडतो. हातात ग्राइंडर धरून तर कधीच नाही. काही जण बिनशिशाच्या पेट्रोलला दोष देतील. जुन्या मऊ सीटा त्यानं झिजतात हे खरं, पण देशभर शिसं २००० सालीच बंद झालं, आणि तुमचं दुखणं हेडच्या कामानंतर सुरू झालं.

सेटिंग करताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर हवा. प्लग काढा, गाडी स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाका आणि मागचं चाक पुढे फिरवा. इनटेकची दांडी वर जाऊन खाली आली की प्लगच्या भोकात रसवंतीवरची प्लास्टिकची नळी घाला आणि ती वर येऊन थांबेपर्यंत फिरवा. सायकलची स्पोक घालू नका, भोक तिरपं आहे, अडकते. लॉकनट आवळल्यावर दांडी पुन्हा फिरवून बघा, आवळताना सेटिंग हमखास सरकतं. आणि हे काम पहाटे करा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर असतो, अंगणात उभ्या गाडीला दुपारी हात लावता येत नाही, तिला थंड इंजिन कसं म्हणायचं? पाचेकशे किलोमीटरनंतर गॅस्केट दबतं आणि फट पुन्हा कमी होते, तेव्हा हेडचे नट आवळून टॅपेट परत बघा.

पार्ट मागवण्याआधी टॅपेटचं कव्हर काढून दोन्ही दांड्यांच्या खालच्या टोकांचा फोटो टाका, आणि लॉकनटच्या वर किती आटे दिसतात ते मोजून लिहा. इनटेकचेही मोजा.