वस्तीतल्या उद्यानात आधी काय ठरवावं?

तुमचा प्रश्न असा की वस्तीतल्या अर्ध्या एकराच्या रिकाम्या भूखंडावर उद्यान करायचंय, तर आधी काय ठरवायचं: खेळणी, चालायचा ट्रॅक की कारंजं? मी हेच काम करतो. माझ्या मते यातलं काहीच नाही, आधी बसायची जागा ठरवा.

शहरांचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे रोखून माणसं कुठे टेकतात ते टिपलं. निष्कर्ष हसू यावं इतका साधा होता: जिथे बसायला जागा, तिथे माणसं बसतात. सुट्या खुर्च्या असतील तर बसण्याआधी माणूस खुर्ची वीतभर सरकवतो, कधी उगीचच. तिथलंच पेली पार्क (१९६७) जेमतेम ३९० चौरस मीटरचं आहे. सुट्या खुर्च्या, झाडांची सावली आणि रहदारीचा आवाज बुडवणारा धबधबा, एवढ्यावर ते गजबजलेलं असतं.

माझ्या पहिल्याच कामात मी भिंतीला लागून ओळीने बाकडी लावली होती. आराखड्यात फार छान दिसायची! प्रत्यक्षात दुपारी चारला त्यांवर हात ठेववत नव्हता, आणि आजीबाई समोरच्या झाडाखाली वाफ्याच्या अरुंद कठड्यावर अंग चोरून बसलेल्या. तेव्हापासून मी वाफ्याचा कठडाच ४५ सेंमी उंच आणि ऐसपैस रुंद करतो. काही बाकड्यांना पाठ आणि हात ठेवायला दांडा मात्र हवाच, त्याशिवाय गुडघे दुखणाऱ्याला उठता येत नाही.

मग कोण येत नाही ते बघा. व्हिएन्नात १९९०च्या दशकात लक्षात आलं की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात. मोकळं मैदान एकच असलं की मुलगे ते व्यापतात, मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. १९९९मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या: मोठ्या मैदानाचे लहान कप्पे केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा काढली, वाटा वाढवल्या. मुली परत आल्या. तुमच्या अर्ध्या एकरातही एकच मोठी हिरवळ करायचा मोह आवरा.

खेळण्यांवर मी फार वेळ घालवत नाही. पडलं तर लागू नये अशी जमीन आणि लक्ष ठेवणाऱ्याला सावलीत जागा, एवढं बघा. कारंजं टाळा, पंप बिघडला की त्याचं डबकं होतं.

वाटा शेवटी पक्क्या करा. एका कामात मी ट्रॅकला सुरेख वळसा दिला होता, तर तीन आठवड्यांत गेटपासून मागच्या दारापर्यंत हिरवळीतून तिरकी वाट उमटली. देखभालवाले तिथे काटेरी तार लावायला निघाले होते. मी त्या वाटेवर फरश्या टाकून घेतल्या.