राग खरा होता, पत्ता चुकला होता

"मॅडम, या वयात मनाचं ऐकायचं असतंय का? की हे सगळं पाळी जायच्या वेळचं?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. पुरुषही विचारतात, फक्त आधी अर्धा तास ॲसिडिटीबद्दल बोलतात.

सुनंदाताई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) ४८ वर्षांच्या. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा टॉवेलचा कारखाना, मुलगा पुण्यात नोकरीला. "काही कमी नाही ओ, तरी सारखा राग यायलाय. सासूबाई म्हणाल्या भाकरी जाड झाली, तर मी परात आपटली. मलाच माझी भीती वाटली." डोक्यात एकच घोळत होतं: सगळं सोडून पुण्याला मुलाकडे जाऊन राहावं.

आधी शरीर बघितलं. पाळी साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान थांबते. त्याआधीची काही वर्षं झोप उडते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइडचा त्रास निघाला, गोळी सुरू झाली, झोप सुधारली. राग मात्र जागेवरच. बाईचा अख्खा राग 'हार्मोन्स' म्हणून मिटवून टाकणं घरच्यांना फार सोयीचं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मग त्यांना वही घालायला सांगितली. राग का आला ते लिहायचं नाही. कधी आला, समोर काय चाललं होतं आणि अंगात काय झालं, एवढंच. कारण आपण पटकन जुळवतो आणि बहुतेकदा जवळच्या माणसावर ढकलतो. त्यांनी कारखान्याच्या जुन्या हिशेबवहीची मागची पानं वापरली. त्यातली एक नोंद: 'दुपारी ४. सीए आले. चहा दिला. जबडा घट्ट.'

पानं उलटत गेलो तसं दिसलं, की नोंदींची गर्दी सीए येण्याच्या आणि कामगारांच्या पगाराच्या दिवशी. सुताची खरेदी, मजुरी, जीएसटी, सगळा हिशेब वर्षानुवर्षं याच ठेवतात. सीएंनी आकडा विचारला, की मालक, म्हणजे त्यांचे यजमान, स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतात. सुनंदाताई ट्रे धरून उभ्यानं आकडा सांगतात. सीए मालकांना म्हणतात, "साहेब, तुमचा हिशेब चोख असतो." भाकरीवरचं बोलणं त्याच संध्याकाळचं होतं.

भावनेवर विश्वास ठेवायचा म्हणजे ती सांगेल ते करायचं, असं नाही. इथं काहीतरी दुखतंय, ही तिची बातमी खरी मानायची. कुठं दुखतंय ते तपासायचं. काय करायचं ते शांतपणे ठरवायचं. राग खरा होता, पण पुण्याला जाऊन तो मिटला नसता.

नवऱ्याशी बोलल्या तर ते म्हणाले, "मग बस की खुर्चीत, नको कोण म्हणालं?" यावर त्या आणखी चिडल्या, आणि ते मला अगदी रास्त वाटलं. पुढच्या वेळी मात्र खरंच बसल्या. चहा हॉटेलातून मागवला.

'मिडलाइफ क्रायसिस', म्हणजे मधल्या वयातली घालमेल, हा शब्द इलियट जॅक्स या मनोविश्लेषकानं १९६५ मध्ये रूढ केला, तोही मुख्यतः कलावंतांच्या आयुष्यावरून. टॉवेलच्या कारखान्यातल्या बाईला त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनचं म्हणणं लागू पडतं: मधल्या वयात आपल्याजवळचं पुढच्यांना देण्याची ओढ लागते, आणि ती अडली की माणूस साचतं. सुनंदाताई आता विडी कामगारांच्या वस्तीतल्या दोन मुलींना टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकवतात. एकीला त्या फार रागावतात म्हणे. असू दे.

एका भावनेवर मात्र विश्वास ठेवू नका. 'मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही' असं वाटत असेल, किंवा दोन आठवडे सलग उदासी हटत नसेल, तर वही बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारच्या टेली-मानस मदत क्रमांकावर फोन करता येतो. सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.