रसायन अभियांत्रिकी शिकून पर्यायी इंधनांच्या संशोधनात जावे का?

तुम्ही लिहिले आहे की नाशिकमध्ये रसायन अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, पुढे पर्यायी इंधनांवर संशोधन करण्याची इच्छा आहे, परंतु घरचे आणि मित्र सांगतात की ऊर्जेचे क्षेत्र आता सौर पॅनेल आणि बॅटरीवाल्यांचे झाले, केमिकलवाल्यांना तेथे काम उरलेले नाही. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या मेव्हण्यांकडून, म्हणजे आमच्या दाजींकडून, दर दिवाळीला ऐकत आलो आहे. ते इलेक्ट्रिकलचे असून पॅनेल बसवण्याचा व्यवसाय करतात. त्यामुळे उत्तर लांबेल.

जरूर जावे. पॅनेलमधून वीज मिळते. विमानाचे इंधन, खतासाठीचा हायड्रोजन किंवा भट्टीत जाळायचा वायू थेट मिळत नाही. हे पदार्थ घडवणे, वेगळे करणे आणि शुद्ध करणे हे आपलेच काम आहे. त्यातही इंधन तयार होणे हा सोपा भाग असतो आणि ते वापरण्याजोगे करणे हा अवघड, हे मला कांद्याने शिकवले.

निफाड तालुक्यातील एका कांदा सुकवण्याच्या कारखान्यात मी प्रक्रिया विभाग सांभाळत होतो. कांद्यात 85 टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणजे अशा कारखान्याचा खरा खर्च पाणी उडवण्याच्या उष्णतेचा असतो. दुसरीकडे साली, कापलेली बुडखे आणि कांदाचाळीत सडून आलेला माल यांचा ढीग रोज आवारात साठत होता आणि पावसाळ्यात त्याच्या वासाने शेजारचे मळेवाले भांडायला येत. मालकांनी एका पुरवठादाराकडून बायोगॅसचे संयंत्र घेतले. शेणावर चालणारा आराखडा त्याने जसाच्या तसा उभा केला आणि सेंद्रिय असेल ते काहीही टाका, असे सांगून तो निघून गेला. कांद्यातील साखर इतक्या वेगाने आंबली की टाकीत आम्ल साचले, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 6 च्या खाली उतरला, मिथेन हा जळणारा वायू बनवणारे सूक्ष्मजीव मंदावले आणि बर्नरपाशी जो वायू आला तो बहुतांश कार्बन डायऑक्साइड असल्याने पेटेचना. शेणकाला आणि खाण्याचा सोडा यांचे प्रमाण बसवून, भरण रोज थोडे थोडे देत ते सावरले, आणि मग खरे दुखणे समोर आले.

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे संयुग गंधकाचे असते. टाकीत त्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी, धातू खाणारा वायू होतो. हा वायू ओळखणारी लेड ॲसिटेटची ओली पट्टी नळापाशी धरली की हात मागे घेण्याआधीच ती काळी पडे. जनित्राच्या इंजिनातले तेल डांबरासारखे झाले आणि बेअरिंग खाल्ली गेली. उपाय जुनाच आहे: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांतून लेथवरचा लोखंडी कीस आणला, तो भिजवून गंजवला, रंध्याच्या भुशात मिसळला, पिंपात भरला आणि वायू त्यातून सोडला. गंज हायड्रोजन सल्फाइड धरून काळा आयर्न सल्फाइड बनतो. तो हवेत पसरला की पुन्हा तांबूस होतो आणि वापरता येतो. मात्र हवेशी होणारी ही क्रिया उष्णता सोडते. एका कामगाराने रिकामे केलेले पिंप शेडखाली ढिगाने ओतले आणि संध्याकाळी तो ढीग धुमसू लागला, फटाक्यांसारखा वास सगळीकडे पसरला. नेमके त्याच दिवशी दाजी छपरावर पॅनेल बसवण्याचे दरपत्रक घेऊन आले होते. "याला तू ऊर्जा म्हणतोस?" हा त्यांचा प्रश्न घरात आजही उद्धृत होतो.

त्यानंतर दोन पिंपे आलटून पालटून चालवली, कीस पातळ थरात आणि ओलसर ठेवून पसरला, आणि पट्टी पांढरीच राहू लागली, हे मात्र दाजी कोणाला सांगत नाहीत. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे गिल्स ओनियन्स या कंपनीने 2009 मध्ये कांद्याच्या टाकाऊ मालाचा रस पिळून त्यापासून वायू बनवला आणि त्या वायूवर 600 किलोवॅटचे इंधन घट (फ्युएल सेल, म्हणजे इंधन न जाळता त्यापासून वीज करणारे यंत्र) चालवले. गंधक तेथेही आधी काढावेच लागे, कारण इंधन घटातील उत्प्रेरक ते सहन करत नाही.

इथेनॉलमध्येही हेच दिसते. किण्वनानंतरच्या (आंबवल्यानंतरच्या) द्रवात मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, सुमारे 8 ते 10 टक्के असतो. साध्या ऊर्ध्वपातनाने तो वजनाने 95.6 टक्क्यांवर अडतो, कारण तेथे बाष्प आणि द्रव यांची घडण एकच होते, आणि पेट्रोलमध्ये मिसळायला तर 99.5 टक्क्यांच्या आसपास शुद्धता लागते. ते शेवटचे पाणी 3 अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्म छिद्रांचे झिओलाइट हे सच्छिद्र खनिज शोषून घेते. मळीपासूनच्या प्रत्येक लिटर मद्यार्कामागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी) उरतो, त्याचे काय करायचे हा प्रश्न वेगळाच. काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याच्या तंत्रावर मुंबईच्या आयसीटीने (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) काम केले आणि 2016 मध्ये उत्तराखंडातील काशीपूरला रोज 10 टन जैवभाराचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. 2022 मध्ये पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून रोज 100 किलोलिटरचा कारखाना उद्घाटित झाला. तरीही काडीकचऱ्याची साखर करणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) खर्च आणि लिग्निन या न आंबणाऱ्या उरलेल्या भागाचा उपयोग हे विषय मिटलेले नाहीत. संशोधन उरले आहे का, असे विचारणाऱ्यांनी एवढे दोन विषय घेतले तरी पुरे.

तुम्ही नाशिकमध्येच आहात, तेव्हा विल्होळी परिसरात महापालिकेने जर्मनीच्या जीआयझेड या विकास सहकार्य संस्थेच्या मदतीने 2017 मध्ये उभारलेल्या प्रकल्पाची माहिती जरूर मिळवा. हॉटेलांतील अन्नकचरा आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र पचवण्याची ती कल्पना आहे, आणि आम्ही कांद्यात शेणकाला का घातला ते त्यावरून लगेच कळेल. प्रकल्पाचा विषय निवडताना नवीन उत्प्रेरकाच्या मागे धावू नका; गंधक, आम्लता, विलगीकरण यांपैकी एक गाठ घट्ट धरा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पीएचडी करून नाशिकमध्येच नोकरी मिळेल हे गृहीत धरू नका. आयसीटी, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या दिशेने घर सोडावे लागेल. बायोगॅसचे अर्थकारण कच्च्या मालावर उभे असते आणि कांद्याचा हंगाम संपला की आमची टाकीही अर्धपोटी राही. सौर वीज स्वस्त झाली हेही खरे आहे. माझ्या गच्चीवर दाजींनीच बसवलेली पॅनेल आहेत आणि वीजबिल नावापुरते येते.

पण घरच्यांशी बोलताना विजेचा हिशेब आणि उष्णतेचा हिशेब एकत्र होऊ देऊ नका, दाजी नेहमी तेथूनच निसटतात. रात्रपाळीत कांदा कशावर सुकवायचा आणि सालींचा ढीग कोठे टाकायचा, असे सरळ विचारले की ते पाने वाढली का हे पाहायला स्वयंपाकघरात जातात.