साय कडू का होते, मेतकूट कच्चट का लागतं : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातले प्रश्न एका बैठकीत वाचून काढले तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच कळलं. दही असो, तूप असो नाहीतर मसाला, सगळ्यांचं अडतंय ते आचेवर. कुणाचं जास्त तापलंय, कुणी गार व्हायला वेळच दिलेला नाही. म्हणून यावेळी मापं कमी आणि आचेबद्दल जास्त लिहितेय. जिथे मापं दिलीत तिथे वाटी घरातली कुठलीही घ्या, फक्त सगळ्याला तीच घ्या.

ताई, मी आठ-दहा दिवसांची साय फ्रिजमध्ये साठवते आणि मग विरजण लावते. पण लोण्याला कडवट वास येतो, तूपही कडू होतं. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असं कधी व्हायचं नाही. काय चुकत असेल? (एक वाचक, नाशिक)

सासूबाईंचं खरं आहे हो. फ्रिज नव्हता तेव्हा साय दोन-तीन दिवसांत विरजून घुसळावीच लागायची, कडू व्हायला तिला वेळच मिळायचा नाही. आपल्याला वाटतं फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे सगळं जागच्या जागी थांबलं, पण तसं नसतं, थंडीतही वाढणारे जिवाणू असतात आणि ते सायीतली चरबी नि प्रथिनं हळूहळू फोडत बसतात, तो कडवटपणा त्यातून येतो. आणि एकदा साय कडू झाली की मग विरजण लावा, लोणी पाच वेळा धुवा, काही उपयोग होत नाही.

उपाय सोपा आहे, विरजण शेवटी नाही, पहिल्याच दिवशी लावायचं. पहिल्या दिवसाच्या सायीत चमचाभर ताजं, आंबट नसलेलं दही ढवळा, डबा दोन-तीन तास ओट्यावर राहू दे, मग फ्रिजमध्ये. रोजची साय त्याच डब्यात टाकायची आणि प्रत्येक वेळी खालपासून वरपर्यंत ढवळायची. दह्याचा आंबटपणा त्या दुसऱ्या जिवाणूंना फारसं वाढू देत नाही. साय मात्र पूर्ण गार झाल्यावरच टाका, कोमट टाकली की झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी खाली पडतं. ८ दिवसांच्या वर थांबायचंच असेल तर डबा फ्रीझरमध्ये ठेवा आणि घुसळायच्या आदल्या दिवशी खाली काढा.

घुसळताना साय गारच हवी, पण दगड नको. उन्हाळ्यात ती लवकर मऊ पडते आणि लोणी ताकात विरघळल्यासारखं तेलकट होऊन बसतं, तेव्हा बर्फाचे दोन-चार खडे टाकायचे. हिवाळ्यात उलट, रवी फिरवून हात दुखले तरी गोळा येत नाही, तेव्हा थोडं कोमट पाणी घालायचं. मिक्सर वापरत असाल तर थांबत थांबत फिरवा, भांडं स्वतःच तापतं. आधी साय फुगते, जड होते, मिक्सरचा आवाज दबतो आणि मग एकदम तो आवाज सैल होतो, भांड्यात पाण्यासारखं काहीतरी डुचमळायला लागतं. झालं, लोणी आलं. ते गार पाण्यात तीनदा तरी धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत, कारण लोण्यात राहिलेलं ताक कढवताना तळाला धरतं.

आता कढवणं. जाड बुडाचं पातेलं घ्या आणि ते अर्ध्याच्या वर भरू नका, उतू जातं. सुरुवातीला पांढरा फेस आणि जोरात तडतड होते, ती लोण्यातल्या पाण्याची. जोपर्यंत आवाज आहे तोपर्यंत पाणी आहे. मग फेस खाली बसतो, बुडबुडे बारीक होतात, वरून बघितलं तर तळ दिसायला लागतो आणि तळाशी बेरी बदामी होत असते. माझी आई पलीकडच्या खोलीत वाती वळत बसलेली असायची आणि तिथूनच सांगायची, "आवाज बसला बघ, बंद कर". मी पातेल्यात डोकावून बघत असायचे तरी मला कळायच्या आधी तिला कळायचं. बेरी अजून फिकट बदामीच आहे असं वाटत असतानाच गॅस बंद करा, कारण पातेल्याच्या उष्णतेने ती पुढे आणखी दोन छटा गडद होते. तूप रवाळ हवं तर बरणी ओट्यावर एका जागी राहू द्या, हलवू नका, फ्रिजमध्ये घालू नका. झटपट गार केलं की कणी पडत नाही. बेरी टाकून देऊ नका, गरम असतानाच थोडी साखर घालून मुलांच्या हातावर ठेवा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथल्या दुधाला सायच येत नाही, मग घरचं तूप करायचं कसं? आणि थंडीत दही लागत नाही, लागलं तर पातळ नि कधी कधी तार सुटलेलं. (एक वाचक)

तुमच्याकडचं दूध होमोजिनाइज केलेलं असतं, म्हणजे त्यातले चरबीचे कण दाबाखाली इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. दूध भेसळीचं नाही, तुमचंही काही चुकत नाहीये. तुम्ही सरळ हेवी क्रीम आणा, त्यात निदान ३६ टक्के स्निग्धांश असतो. पाकिटातलं क्रीम कोमट करून त्यात दोन चमचे दही घाला, रात्रभर उबेत ठेवा, सकाळी फ्रिजमध्ये गार करून मग घुसळा. लोणी येतं आणि तूपही खरं लोणकढं होतं. बिनमिठाचं बटर कढवूनही तूप होतं, घाईच्या दिवशी मीही करते, पण विरजलेल्या सायीच्या तुपाचा जो वास वरणभातावर पसरतो तो त्याला येत नाही. मिठाचं बटर मात्र घेऊ नका.

आता दही. दूध नुसतं गरम करून भागत नाही, उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं राहू द्या. त्याने दुधातली प्रथिनं अशी बदलतात की पुढे दही घट्ट धरतं. मग गार करायचं ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत, तुमच्या थर्मामीटरवर ११० फॅरनहाइट. थर्मामीटर नसेल तर करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे मोजता आले पाहिजेत, दहाव्याला ऊब जाणवावी पण चटका नको. खूप गरम असताना विरजण घातलं तर ते मरतं, खूप गार असताना घातलं तर भलतेच जिवाणू आधी वाढतात आणि तार सुटते. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरतं. जास्त घातल्याने दही घट्ट होत नाही, आंबट होतं. मग भांडं ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन चालू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा, तेवढी ऊब बास होते. थंडीत ७-८ तास लागतील. मध्ये झाकण उघडून, भांडं तिरकं करून बघायचा मोह आवरा आणि लागल्यावर फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्यावरच चमचा घाला. ज्या दह्याला तार सुटलीय त्याचं विरजण पुढे चालवू नका, बदला. नवीन दही आणताना डब्यावर लाइव्ह कल्चर लिहिलेलं बघून घ्या.

मी बंगळुरूला नोकरीला आहे. आई दर दोन महिन्यांनी मेतकूट पाठवायची, आता तिला होत नाही म्हणून फोनवर विचारून मी केलं. सगळं भाजून घेतलं होतं तरी कच्चट लागतं, घशाशी राहतं. (एक वाचक)

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आईला एकदा तुमच्या हातचा डबा जाऊ दे, त्यासाठी नीट सांगते.

तुम्ही सगळं एकत्र भाजलं असणार, किंवा मोठ्या आचेवर. हरभऱ्याची डाळ जाड, तांदूळ बारीक, उडदाची डाळ त्याहून निराळी, प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. मोठ्या आचेवर हरभरा डाळ बाहेरून तांबूस होते, खमंग वासही येतो आणि आपण फसतो, आत ती कच्चीच असते. एक वाटी डाळीला अगदी मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं द्या, हात थांबवायचा नाही. झाली की नाही ते रंगावरून ठरवू नका, एक डाळ गार करून दाताखाली धरा, कुटकन तुटली तर झाली, जराही चिवट लागली तर अजून दोन मिनिटं.

माझं माप असं : हरभरा डाळ १ वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ पाव वाटी, गहू पाव वाटी, धने २ चमचे, जिरे १ चमचा, मोहरी अर्धा चमचा, मेथ्या अर्धा चमचा, सात-आठ मिरी, सुंठपूड, हळद आणि हिंग प्रत्येकी अर्धा चमचा. सगळं वेगवेगळं भाजायचं. मेथ्या तांबूस झाल्या की लगेच काढा, काळ्या झाल्या तर अख्खा डबा कडू होईल. हळद, हिंग, सुंठ भाजायचं नाही, शेवटची डाळ कढईतून काढली की तिच्या उबेवरच टाकायचं, तेवढ्याने हळदीचा कच्चेपणा जातो.

आणि मग थांबायचं. हे कुणी करत नाही. ताटात पसरून दोन-तीन तास तरी पूर्ण गार होऊ द्या, हाताला जरा जरी ऊब लागली तरी दळू नका. गरम दळलं की वाफेचा ओलावा पिठात राहतो, गुठळ्या होतात आणि महिनाभरात वास येतो. बारीक चाळणीने चाळा, वर राहिलेलं परत फिरवा. हवाबंद डब्यात कोरड्या चमच्याने वापरलं तर दोन महिने सहज राहतं. मऊ भात, त्यावर तूप, मीठ आणि मेतकूट. रात्री ऑफिसमधून दमून आलात की याच्याइतकं पटकन पोटाला आधार देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

गोडा मसाला घरी करावा का? गेल्या वर्षी अर्धा किलो केला आणि चार महिन्यांत खवट झाला. शिवाय काळा मसाला आणि गोडा मसाला एकच का? (एक वाचक, ठाणे)

करा, पण पाव किलोच करा. खवटपणा खोबऱ्याचा आणि तिळाचा असतो, दोन्हीत तेल आहे, ते दळल्यावर हवेला उघडं पडतं. एक महिन्यापुरता बाहेर, बाकीचा फ्रीझरमध्ये. नाहीतर खोबरं-तीळ सोडून बाकी मसाला दळून ठेवा आणि खोबरं-तीळ दर महिन्याला ताजे भाजून त्यात मिसळा, मी हल्ली असंच करते.

दगडफुलाबद्दल एक सांगते कारण त्याच्याशिवाय आमटीला तो वास येत नाही. ते फूल नसतं, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदून खडकावर, झाडाच्या सालीवर वाढतं ते, त्यामुळे त्यात माती नि सालीचे तुकडे हमखास असतात. ताटात झटकून, बोटांनी निवडून घ्या. दोन थेंब तेलावर काही सेकंदच परता, जळायला वेळ लागत नाही.

नावांचं म्हणाल तर काही घरांत दोन्ही नावं एकाच मसाल्याला आहेत. पण घाटावर बऱ्याच ठिकाणी काळा मसाला म्हणजे त्यात लाल मिरची आणि काळपट भाजलेलं कांदा-खोबरं असतं, तो तिखट. गोडा मसाला सौम्य, आमटी, मसालेभात, भरली वांगी यांच्यासाठी. दुकानात मागताना नाव न सांगता कशात घालायचाय ते सांगा.

आलं-लसूण पेस्ट केली, दुसऱ्या दिवशी हिरवट-निळसर झाली. फेकून दिली. बिघडली होती का? (एक वाचक, सोलापूर)

नव्हती हो, पुढच्या वेळी फेकू नका. लसणातल्या गंधकाच्या संयुगांची त्यातल्याच अमिनो आम्लांशी (प्रथिनांच्या घटकांशी) क्रिया झाली की असा रंग येतो, फ्रिजमध्ये ठेवलेल्या लसणाला जास्त येतो, चवीला काही होत नाही. वास आंबूस आला, बुडबुडे आले किंवा बुरशी दिसली तर मात्र टाकायची. आणि हे जरा लक्ष देऊन वाचा, तेलात बुडवलेला कच्चा लसूण किंवा पेस्ट ओट्यावर ठेवायची नाही, कितीही तेल वर तरंगत असलं तरी. तेलाखाली हवा लागत नाही आणि तिथे विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात, वास-रंग काही बदलत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये पेस्ट भरून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तसा एक खडा काढा.

ताई, मी ९ ते ७ नोकरी करते, दोन लहान मुलं आहेत. तुमचं सदर वाचलं की वाटतं हे सगळं आपण करायला हवं, आणि होत नाही म्हणून वाईट वाटतं. (एक वाचक, पिंपरी)

वाईट वाटून घेऊ नका, मनापासून सांगते. सगळं कुणीच करू नये. बेसन, रवा, हळद चांगल्या दुकानातून आणा, घरी करून त्यात चवीचा फार फरक पडत नाही आणि तुमचा रविवार जातो. मसाला ओळखीच्या बाईकडून घेत असाल तर घेत राहा, तिचंही घर त्यावर चालतं. घरी करायचंच तर ज्यात फरक जिभेला लगेच कळतो आणि ज्याचं काम आपोआप होतं तेवढंच निवडा. तुमच्यासाठी ते तूप. रोजचं काम अर्ध्या मिनिटाचं, साय डब्यात टाकून ढवळायची, आणि आठवड्यातून एकदा तासभर, त्यातही कढवताना तुम्ही मुलांचा अभ्यास घेऊ शकता, फक्त कान गॅसकडे ठेवायचा. आज रात्री दूध तापवाल ते गार झाल्यावर साय काढा आणि चमचाभर दही घालायला विसरू नका.