‘डबा परवडत नाही’ हे डॉक्टरांना कसं सांगायचं?

बाळाला साधं वरचं दूध मानवत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेला फॉर्म्युलाचा, म्हणजे बाळाच्या दूध-पावडरीचा, खास डबा खिशाला झेपत नाही, आणि हे कुणाजवळ बोलायचीही चोरी. समुपदेशक म्हणून ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. पण थेट येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, नवऱ्याशी पटत नाही, असं काहीबाही सांगितलं जातं. डब्याचा विषय फार उशिरा निघतो.

मीराचंही तसंच झालं (नाव आणि तपशील बदलले आहेत). बाळ चार महिन्यांचं. अंगावरचं दूध आधीच आटलेलं. वरचं दूध सुरू केल्यावर अंगावर पुरळ, शीमध्ये रक्ताच्या रेषा, पाजलं की तासभर रडणं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी निघाली. ही प्रथिनं बारीक तोडलेला, म्हणजे ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ फॉर्म्युला सुरू झाला आणि बाळ शांत झालं. आई मात्र अस्वस्थच.

सुरुवातीला ती नवऱ्याबद्दलच बोलायची.

“प्रत्येक डब्याचं बिल बघतो तो.”

“बघून काही म्हणतो?”

“म्हणत नाही. नुसता बघतो.”

माझा अनुभव असा की काळजीच्या मुळाशी एक वाक्य असतं, जे माणसाने स्वतःलाही कधी मोठ्याने ऐकवलेलं नसतं. ते सापडेपर्यंत मी सल्ला देत नाही. आणि ते ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारून सापडत नाही, ‘तुम्ही काय करता?’ विचारून सापडतं. म्हणून एके दिवशी म्हटलं, “डबा उघडल्यापासून बाटली बाळाच्या तोंडाला लावेपर्यंत काय काय करता, सगळं सांगा.”

ती सांगू लागली. पाणी उकळते, थोडं निवलं की बाटलीत मोजून घेते, मग पावडर. चमचा भरला की वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट करते. बोलताना तिचा हातही तसाच फिरत होता.

“किती चमचे?”

हात थांबला. बराच वेळ ती काही बोललीच नाही.

“डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा एक कमी. डबा जरा जास्त पुरतो.”

“डॉक्टरांना विचारलंत?”

“त्यांना काय वाटेल मॅडम? हिला पोरापेक्षा पैसा मोठा.”

हे ते वाक्य. भांडण नवऱ्याशी नव्हतंच. किंमत विचारली की आई म्हणून आपण कमी पडलो, असं तिच्या मनाने धरलं होतं, आणि ती लाज लपवायला ती बाळाच्याच वाट्यात काटछाट करत होती. इतक्या वर्षांनीही असा धागा हाती लागला की मला समाधान वाटतं, ते का लपवू?

एरवी मी कुणाला हुकूम सोडत नाही. त्या दिवशी सोडला. आजच डॉक्टरांना फोन करा, बाळाचं वजन करून घ्या. पावडर कमी पडली की बाळाला पोषण कमी मिळतं, आणि जास्तीच्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. घरी मिश्रण करून फॉर्म्युला बनवणंही तितकंच धोक्याचं.

मग आम्ही डॉक्टरांपुढे म्हणायचं वाक्य घोटलं. दर वेळी ती ‘माफ करा, पण’ने सुरुवात करायची. ते गाळायला वेळ लागला. उरलं ते असं: “हा डबा आम्हाला दर महिन्याला झेपत नाही. याच प्रकारचं स्वस्त काही चालेल का?” डॉक्टरांनी त्याच प्रकारचा दुसऱ्या कंपनीचा, कमी किमतीचा डबा लिहून दिला. इतकंच. आणि नवरा बिलं बघत होता ते पुढच्या डब्याची तारीख काढायला. तोही लाजेने गप्प होता.

अशा आईवडिलांना मी आता सरळच सांगते. महत्त्व प्रकाराला आहे, कंपनीला नाही. या अ‍ॅलर्जीच्या बहुतेक बाळांना बारीक तोडलेल्या प्रथिनांचा फॉर्म्युला पुरतो. त्याहून महागडा अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनं पूर्ण सुटी केलेला, थोड्यांनाच लागतो. तो लिहून दिला असेल तर ‘हाच का?’ हे जरूर विचारा, पण मनाने बदलू नका. किंमत डब्याची नव्हे, तयार १०० मिली दुधाची काढून ताडून बघा. विमा, रुग्णालयातला समाजसेवा विभाग, कंपनीची सवलत यांची चौकशी करा. डॉक्टरांचं गरजेचं पत्र तिथे कामी येतं.

स्वस्त वाटणाऱ्या काही वाटा मात्र फसव्या. नुसत्या लॅक्टोजविरहित (दुधातली साखर नसलेल्या) पावडरीत दुधाची प्रथिनं असतातच. अर्धवट तोडलेल्या प्रथिनांचे डबे या अ‍ॅलर्जीवर उपचार म्हणून चालत नाहीत. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्याने तेही बाद. सोया फॉर्म्युला सहसा ६ महिन्यांआधी देत नाहीत, आणि काही बाळांना सोयाही सोसत नाही. पण त्यानंतर तो चालेल का, हे विचारायला हरकत नाही. कुणी उघडलेला किंवा तारीख उलटलेला डबा फुकट मिळाला तरी नको. बाटलीत उरलेलं दूध टाकूनच द्यावं लागतं, म्हणून दर वेळी थोडं कमी बनवा, लागलं तर पुन्हा बनवा. बचत तिथे करा, चमच्यात नको. अंगावरचं दूध येत असेल, तर आईने डॉक्टरांच्या सल्ल्याने दुधाचे पदार्थ सोडून पाजता येतं का ते बघा. आईला तेव्हा कॅल्शियम लागेल.

आणि निदान पक्कं झालंय ना, हेही विचारा. साधारण २ ते ४ आठवडे गाईच्या दुधाची प्रथिनं बंद ठेवून, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती पुन्हा देऊन पाहिल्याशिवाय ते बहुधा पक्कं होत नाही. काही घरं या डब्याचा खर्च विनाकारण सोसत असतात. खरी अ‍ॅलर्जीही बरीच मुलं वाढत्या वयात मागे टाकतात, म्हणून वर्षाच्या आसपास फेरतपासणी कधी, ती तारीख आधीच मागून घ्या. आधी तीव्र त्रास झाला असेल, तर दूध पुन्हा देऊन पाहण्याची ती चाचणी घरी करायची नाही. मीराने फेरतपासणीच्या भेटीसाठी प्रश्न लिहून काढलेत. पहिलाच आहे, “चाचणीत त्रास झाला तर अजून किती महिने हा डबा लागेल, आणि वरचं खाणं सुरू झाल्यावर तो महिन्याला किती लागेल?”